लालीचा पंचनामा

अमरावती
१० ऑक्टोबर २०२४

सुभद्रा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र फाडायचं की वाचायचं याचा विचार करशील. फाडायचंच असेल तर शेवटचा परिच्छेद वाचून फाड, काम तिथे आहे. फोन करून पाहिला होता. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस असं अमोल म्हणाला. पत्ताही त्याच्याकडूनच घेतला. त्याच्यावर रागावू नको, मी तीन दिवस त्याच्या मागे लागलो होतो.

विमल गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलीस, दाराजवळच्या खुर्चीवर पाऊण तास बसलीस आणि पाणीही न घेता गेलीस. त्याला तीन वर्षं झाली. त्याआधीची वर्षं मी मोजत नाही, तुला ती पाठ असतील.

आता मुद्द्यावर येतो. मी मांजरी पाळल्या आहेत. हसून घे. एक नाही, तीन. पहिला नायब. हा म्हातारा बोका, तेरा-चौदा वर्षांचा असावा. विमल असतानाच मागच्या ओट्यावर यायला लागला होता, ती गेल्यावर आत आला तो आतच राहिला. नायब तहसीलदारासारखं त्याचं काम चालतं, म्हणजे सही सोडून काही नाही. दुसरा नाझर, म्हणजे कचेरीतला रोकड सांभाळणारा. हा जाडा, चोर, आणि चोरी पकडली तरी ताटासमोरून न हलणारा. तिसरी बाईसाहेब. करड्या रंगाची, डाव्या कानाला खाच. दोन वर्षं झाली, ती माळ्यावर राहते, मी पाठ फिरवली की खाली येऊन जेवते आणि परत वर जाते. आजवर मला तिला हात लावता आलेला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अमोलने दिवाळीनंतर केरळची तिकिटं काढली आहेत. ५ ते १४ नोव्हेंबर. तो, सूनबाई, नात आकांक्षा आणि मी. मी तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्या वेळी आकांक्षाने फोन घेतला आणि म्हणाली, "आबा, तुमी नाई आले तं मी बी नाई जात." सात वर्षांची आहे, पण बोलते तुझ्यासारखी. मला अडुसष्ट झाली आणि मी समुद्र पाहिलेला नाही. विमलला तो पाहायचा होता. दर वर्षी ती म्हणायची आणि दर वर्षी माझी कुठली ना कुठली वसुली, निवडणूक, नाहीतर अतिवृष्टीचे पंचनामे निघायचे. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणालो, आणि निवृत्त झाल्यावर मला कंटाळा यायला लागला. ती समुद्र न पाहता गेली. तेव्हा या वेळी नाही म्हणण्याचं तोंड मला राहिलेलं नाही.

अडचण मांजरींची आहे. नायबला थायरॉइडची अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ द्यावी लागते. ती चुकली तर तो दोन दिवसांत खायचा थांबतो, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे की या वयात थांबला तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. नागपुरात मांजरी ठेवून घेणारी एक जागा आहे, पाहून आलो. खाली कुत्र्यांचे पिंजरे, वर मांजरींचे. नायबला तिथे पहिल्याच दिवशी धसका बसेल. भांडी घासायला येणारी पिंकी मांजरीला घाबरते. समोरच्या देवमनला विचारलं. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर अंगणात बसलेला असतो. तो म्हणाला, "तुह्या मांजराच्या कागदावर मी एक डाव सही केली भाऊ. आता मले त्यात घेऊ नको." एवढं बोलून त्याने पेपर तोंडासमोर धरला.

मांजर कळणारं माणूस मला तुझ्याशिवाय दुसरं माहीत नाही. तू ४ तारखेला येऊन दहा दिवस घरात राहशील का? वरची तुझी खोली तशीच आहे. आपली गाठ पडू नये असं वाटत असेल तर मी निघाल्यावर ये आणि परतायच्या आत जा, किल्ली देवमनकडे राहील. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. जुन्या गोष्टी या पत्रात काढत नाही.

खुशाल

---

अकोला
१६ ऑक्टोबर

दादा,

पत्र वाचलं. फाडलं नाही.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून रिकामीच आहे, येऊ शकते. पण ज्या घरात मी अकरा दिवसांसाठी माझी मांजर सोपवून गेले आणि परत आल्यावर मला मांजरीऐवजी कागद मिळाला, त्या घरात मांजरी सांभाळायला यायचं तर आधी तो कागद दुरुस्त व्हायला पाहिजे. झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत माझ्याकडे आहे. नवा पंचनामा पाठव. पंच नकोत, सही एकट्या तुझी.

सुभद्रा

(सोबत)

पंचनामा
दि. १९ मे २००९

आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, श्री. खुशालराव गावंडे, तलाठी, यांचे राहते घरी त्यांची बहीण कु. सुभद्रा यांचे मालकीची लाली नावाची मांजर, रंग तांबूस, वय अंदाजे चार वर्षे, ही दि. ११ मे रोजी सकाळी स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील खिडकीतून आपोआप बाहेर निघून गेली. त्यावेळी कु. सुभद्रा सहलीनिमित्त म्हैसूर-उटी येथे गेलेल्या होत्या. आजूबाजूस शोध घेतला असता मिळून आली नाही. यात कोणाचाही दोष दिसून येत नाही. येणेप्रमाणे पंचनामा खरा व बरोबर आहे.

पंच: १) सौ. विमल गावंडे  २) श्री. देवमन वानखडे
समक्ष: खुशालराव गावंडे

---

अमरावती
१९ ऑक्टोबर

सुभद्रा,

पंधरा वर्षं तू तो कागद जपून ठेवला असशील असं मला वाटलं नव्हतं. वाचताना लाज वाटली आणि थोडं हसूही आलं. 'कोणाचाही दोष दिसून येत नाही' हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा लिहिलं असेल. वीज पडली, बैल मेला, भिंत खचली, की शेवटी हे वाक्य. हाताला सवय होती. तू सहलीवरून आलीस, बॅग दारातच ठेवून लाली, लाली म्हणून हाका मारत घरभर फिरलीस आणि मग माझ्यासमोर येऊन म्हणालीस, नीट सांग काय झालं. मला तोंडाने सांगता येईना, म्हणून रात्रभर विचार करून सकाळी मी रेघांचा कागद घेतला.

दुरुस्ती खालीलप्रमाणे.

लाली खिडकीतून गेली नाही. मी तिला पोत्यात घातलं, तोंड सुतळीने बांधलं, मोटारसायकलच्या मागे ठेवलं आणि नांदगाव खंडेश्वरला नेऊन सोडलं. तारीख ११ मे हीच, ती खरी आहे. आठवडी बाजाराच्या मागे मासळीवाल्या बसतात तिथे सोडलं, कारण तिथे उपाशी राहणार नाही असं वाटलं.

कारण असं की मी दप्तर घरी आणलं होतं आणि पीक पाहणीच्या रजिस्टरवर तिने घाण केली. दोन गावांची पानं गेली. तहसीलदारांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. त्यात काय कारण दाखवू? मांजर मुतली असं लिहिलं असतं तर सगळं तहसील महिनाभर हसलं असतं. शिवाय विमललाही त्या उन्हाळ्यात खोकला होता आणि मांजरीच्या केसांनी तो वाढतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिचीही भुणभुण होतीच.

आपल्या गावात हे चालतच आलं. आपल्या वडिलांनीही किती मांजरी पोत्यात घालून पल्याडच्या गावाला सोडल्या. मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते म्हणायचे, सोडली तर काही नाही. ते पाहतच आपण वाढलो. तुला विचारलं असतं तर तू लालीला घेऊन दुसरीकडे खोली पाहिली असतीस, आणि तू घर सोडावंस असं मला वाटत नव्हतं. पुढे तू घर सोडलंसच, ती गोष्ट वेगळी.

येणेप्रमाणे दुरुस्त. आता तारीख कळव म्हणजे गोळ्या आणून ठेवतो.

खुशाल

---

अकोला
२४ ऑक्टोबर

दादा,

अर्धा आहे.

त्या खिडकीला जाळी होती. मी तेव्हाच पाहिलं होतं. तुझं लिहिणं वाचायच्या आधी खिडकी पाहिली होती. तेव्हा तो कागद खोटा आहे हे मला १९ मे रोजीच माहीत होतं, त्यासाठी मला तुझी दुरुस्ती नको होती.

विमलवहिनीचं नाव यातून काढ. तिला खोकला होता, पण भुणभुण नव्हती. ती आता उत्तर द्यायला नाही, आणि तुझ्या सांगण्यावरून तिने एकदा सही केली तेवढं पुरे.

बाजारामागे सोडली, मग? तुझा कागद तिथे संपतो. लाली तिथे संपली का?

पूर्ण कागद आला तर ४ तारखेला येईन. भाऊबीज ३ ला आहे. म्हणूनच ४ ला येते आहे, कोणी वेगळं समजू नये.

सुभद्रा

---

अमरावती
२८ ऑक्टोबर

सुभद्रा,

हे स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. वाचून तू येणार नाहीस अशी मला भीती आहे. तसं झालं तर अमोलला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं आहे. पण आता अर्धं ठेवत नाही.

आधी विमलचं. तिने मला कधीच मांजर सोड म्हटलं नाही. मी पोतं घेऊन निघालो तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली होती, "हे बरं करून नाई राहिले तुमी." पंचनाम्यावर सही करताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. देवमनने न वाचता केली, तो माझा दोस्त होता म्हणून. त्यानंतर तो वर्षभर बोलला नाही. विमलचं नाव मागच्या पत्रात घातलं ते चुकलं. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं जातं, ते मी केलं.

आता लालीचं. बाजारामागे पोतं सोडलं तर ती बाहेरच येईना. मी पोतं उलटं करून झटकलं. ती खाली पडली, उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. पळाली नाही. मी गाडीला किक मारली तशी चार पावलं माझ्यामागे आली. मी परत वळून पाहिलं नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

तुझा पंचनामा मी १९ ला लिहिला. २२ ला सकाळी मी नांदगावच्या माझ्या हापिसात गेलो तर पायरीवर लाली बसलेली. अकरा दिवस ती त्या गावात कुठे फिरली, मला कशी शोधली, माहीत नाही. माझ्या गाडीचा वास ओळखला असेल. पोट खपाटीला गेलं होतं, एका पंजाला जखम होती. हापिसातला कोतवाल सहदेव म्हणाला, "साहेब, हे मांजर तुमाले वळखते का?" मी म्हणालो, नाही. आणि त्यालाच दूध आणायला पाठवलं.

त्याच संध्याकाळी तिला घरी आणता आलं असतं. आपोआप परत आली म्हणून सांगता आलं असतं, तू आनंदाने तेही मानलं असतंस. घरी आलो तर तू वाड्या-वस्त्यांवर चौकशी करून, पाय सुजवून बसली होतीस. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग वाटलं, मांजर नांदगावात मिळाली हे आज ना उद्या निघेल. पस्तीस किलोमीटर ती चालत गेली का, असं तू विचारशील, आणि मग सही केलेला कागद समोर येईल. तलाठ्याने स्वतःचा पंचनामा स्वतः खोटा पाडायचा हे मला जमेना. आता लिहिताना हे किती फालतू वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

हे पहिल्या महिन्याचं कारण झालं. पुढचं कारण वेगळं आहे आणि ते लिहायला मला तीन दिवस लागले.

ती मला आवडायला लागली. सकाळी माझ्या गाडीचा आवाज आला की ती रस्त्यापर्यंत यायची. टेबलावर, ज्या दप्तरावरून हे सगळं झालं त्याच दप्तरावर, ती दिवसभर झोपायची आणि मी नोंदी तिच्या अवतीभोवती करायचो. लोक मला शिव्या घालायला येत आणि तिला पाहून निम्म्या गिळत. घरी तू बोलत नव्हतीस, विमल कामापुरतं बोलायची, अमोल नागपूरला शिकायला. दिवसभरात मला पाहून खूश होणारं एकच कोणी होतं. ते मी तुला परत दिलं नाही. पोत्यात घालून सोडणं हा राग होता. त्यानंतर ठेवून घेणं ही चोरी होती, आणि ती मी समजून-उमजून चार वर्षं केली. तू २०१० मध्ये बदली मागून अकोल्याला गेलीस त्या दिवशीही मी हापिसात जाऊन तिला दूध पाजलं.

२०१३ च्या डिसेंबरात ती गेली. आजारी नव्हती. सकाळी पायरीवरच मिळाली. सहदेवने आणि मी हापिसामागच्या लिंबाखाली पुरली. सहा महिन्यांनी मी निवृत्त झालो. नांदगावला पुन्हा गेलो नाही.

येणेप्रमाणे पंचनामा खरा व बरोबर आहे. दोष माझा आहे.

खुशालराव गावंडे

---

अमरावती
४ नोव्हेंबर, सकाळ

सुभद्रा,

तुझं उत्तर आलं नाही. दिवाळीच्या सुट्या असल्यामुळे पोस्टाचं खरं-खोटं कळत नाही. अमोल अकराला गाडी घेऊन येतो आहे. बॅग भरली आहे, पण तू आलीस हे देवमनने फोनवर सांगितल्याशिवाय मी नागपूरच्या पुढे जाणार नाही, हे अमोलला सांगितलं आहे. त्याने कपाळाला हात लावला. तू येशील असं धरून सूचना लिहून ठेवतो.

नायबची गोळी फ्रिजवरच्या डबीत. अर्ध्या करून ठेवल्या आहेत. उकडलेल्या कलेजीच्या तुकड्यात दाबून द्यायची आणि नंतर अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडे पाहत बसायचं. तो गिळल्यासारखं करून कोपऱ्यात जाऊन थुंकतो. कलेजी मागच्या ओट्यावरच्या शेगडीवर उकडायची, भांडं वेगळं आहे, काळ्या दांडीचं. स्वयंपाकघरात मांसाहार नाही हा विमलचा नियम अजून पाळतो.

नाझरला दोन वेळा जेवण पुरे. तो तुला सांगेल की त्याला काहीच मिळालेलं नाही. दुधाच्या पातेल्यावर झाकण, झाकणावर वरवंटा. वरवंट्याच्या जागी वाटी ठेवून पाहिली आहे, उपयोग नाही.

बाईसाहेबांची बशी स्टुलावर ठेवून पाठ करून उभं राहायचं. वर पाहायचं नाही, बोलायचं नाही. आली तर आली. नाही आली तर बशी तिथेच राहू द्यायची.

वाळूचे ट्रे जिन्याखाली. वाळू देवमनच्या अंगणातल्या ढिगातून घ्यायची, त्याला विचारलं आहे. हो म्हणाला. डॉक्टरांचा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात आहे.

तुझ्या खोलीत नवी गादी टाकली आहे. खिडकीची जाळी पक्की आहे, हलवून पाहिली.

खुशाल

---

अलप्पुळा
९ नोव्हेंबर

सुभद्रा,

हे कार्ड तुझ्या अकोल्याच्या पत्त्यावर टाकतो आहे, तू घरी पोचेपर्यंत पोचेल.

विमान ५ च्या पहाटेचं होतं. देवमनचा फोन ४ च्या रात्री नागपूरला विमानतळावर आला, आत जायच्या दारात. "आली भाऊ. बॅग ठेवली अन् आधी मांजरायकडे गेली. जाय आता तू." अमोल म्हणतो मी तिथेच खुर्चीवर बसून रडलो. मला तसं आठवत नाही.

समुद्र पाहिला. मोठा आहे. विमलचा फोटो खिशात आणला होता, तो काढून त्याच्याकडे तोंड करून धरला. आकांक्षाने विचारलं काय करून राहिले आबा, तर सांगितलं की आजीला दाखवतो आहे. ती म्हणाली, मग नीट धरा, उलटा आहे. तो सरळ केला.

नायबचं काय हे विचारायला रोज देवमनला फोन करतो. तो रोज म्हणतो, जिवंत आहे. त्यापुढे काही सांगत नाही.

खुशाल

---

अमरावती
१४ नोव्हेंबर, सकाळी नऊ

दादा,

तुम्ही लोक संध्याकाळी पोचाल असं देवमनभाऊ म्हणाले, म्हणून मी अकराच्या बसने निघते आहे.

नायब ठीक आहे. एकही गोळी चुकली नाही. दोन थुंकल्या, त्या पुन्हा दिल्या. आज सकाळची झाली, संध्याकाळची तू दे. नाझरने वरवंटाही ढकलला. मी त्यावर तुझा जुना 'महसूल नियम' ठेवला, तो त्याला हलला नाही. त्या पुस्तकाचा पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला.

तुझा २८ तारखेचा कागद मला २ ला मिळाला होता. उत्तर पाठवलं नाही, कारण ते मला याच घरात बसून लिहायचं होतं.

२०१० च्या ऑगस्टमध्ये, मी अकोल्याला जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा विमलवहिनीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "सुभद्राताई, एक डाव नांदगावले जाऊन या. तुमच्या भावाच्या हापिसात पाहा." आणि ठेवून दिला. मी रविवार सोडून मुद्दाम कामाचा दिवस पाहिला, शाळेत रजा टाकली. अमरावतीला उतरले, घरी आले नाही, तिथूनच नांदगावची गाडी धरली. सोबत कापडी पिशवी होती, लालीला घालून आणायला.

तुझ्या हापिसासमोर चहाची टपरी होती. मी तिथे बाकावर बसले. दार उघडं होतं. लाली टेबलावर होती. जाड झाली होती. मला उठून हाक मारायची होती, पण तेवढ्यात तू खुर्चीवरून उठलास, बशी जमिनीवर ठेवलीस, तिच्यात दूध ओतलंस आणि ती पिऊन संपवेपर्यंत तिच्यासमोर उकिडवा बसून राहिलास. बाहेर तीन माणसं कागद घेऊन उभी होती. तू त्यांना हाताने थांब म्हणालास. आईच्या आजारपणातही मी तुला कोणापाशी एवढा वेळ बसलेला पाहिला नव्हता.

मी चहाचा ग्लास ठेवला आणि परतीची गाडी धरली. मांजर सुखात होती, तिला तिथून उचलायचं कारण मला सापडलं नाही. बसमध्ये वाटलं, हा आज-उद्या सांगेल. दिवाळीला सांगेल. चौदा वर्षं मी ते ऐकायची वाट पाहिली, दादा. भांडण मांजरीचं होतं असं सगळ्या नातेवाईकांना वाटतं. तुलाही तसंच वाटत असेल म्हणून लिहिते, तसं नव्हतं. तू माझ्यापासून एक चांगली गोष्ट लपवलीस आणि मला वाईट गोष्ट धरून बसायला लावलीस. त्याचा राग मला आहे, आणि तो एका कागदाने जाईल असं समजू नको.

लाली गेल्याचं मात्र मला तुझ्या पत्रातच कळलं. माझ्या डोक्यात ती अजून त्या टेबलावर होती. एवढी वर्षं मांजर जगत नाही हे मला कळतं, तरीही होती. २ तारखेला मी जेवले नाही. परवा देवमनभाऊंना घेऊन नांदगावला जाऊन आले. तुझं हापिस दुसरीकडे गेलं आहे, लिंब आहे. आजूबाजूचं गवत काढून आले.

आता शेवटचं. खालील कागद नीट वाच.

पंचनामा
दि. १४ नोव्हेंबर २०२४

मी खाली सही करणारी सुभद्रा गावंडे, निवृत्त शिक्षिका, लिहून देते की, बाईसाहेब नावाची मांजर, रंग करडा, डाव्या कानास खाच, ही सहाव्या दिवशी स्वतःहून माळ्यावरून खाली आली व माझ्या उशाशी झोपली. त्यानंतर ती वर गेलेली नाही. आज सकाळी अकराच्या बसने मी तिला अकोल्याला नेत आहे. ती खिडकीतून गेलेली नाही. ती आपोआप गेलेली नाही. तिला पोत्यात घातलेलं नाही, कापडी पिशवी आहे व डोकं बाहेर आहे. ती कुठे आहे असं विचारल्यास सांगण्यात येईल. ती गोरक्षण रोडला माझ्या घरी, पूर्वेकडच्या खिडकीत असेल. तिचे मालक श्री. खुशालराव गावंडे यांना हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. येणेप्रमाणे पंचनामा खरा व बरोबर आहे.

पंच दोन लागतात. एक देवमनभाऊ. त्यांनी या वेळी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि मग सही केली. दुसऱ्या पंचाची जागा रिकामी ठेवली आहे. तुझ्यासाठी ठेवलेली ही नक्कल आहे, मूळ प्रत मी सोबत नेते आहे. सही करायची असेल तर तुला अकोल्याला यावं लागेल.

सुभद्रा